गडूतली भाकर

द्राक्षं तुडवून झाली की आमच्याकडे जेवण असतं. मालकाने घालायचं, मजुरांनी हाणायचं, आणि मालकाने तोंडभर हसून "अजून घ्या, लाजू नका" म्हणायचं, अशी रीत आहे. मालक म्हणजे मी, होरियन. मारेओतिस तलावाच्या काठी तामिस हे आमचं गाव, गावाच्या टोकाला माझा मळा आणि घराच्या खाली तळघर. तळघरात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले रांजण आहेत आणि त्यांतली दारू अलेक्झांड्रियाच्या खानावळींत जाते. बायको वारून बरीच वर्षं झाली. घरात मुलगी तबेस आणि जावई पामून. तो घरजावई आहे, हे मी त्याला दिवसातून एकदाच ऐकवतो.

त्या वर्षीच्या जेवणाला गावातले दोन्ही पाद्री आले होते. पाद्र्याला आम्ही आपा म्हणतो. दोघांना एका पंगतीला बसवू नये, हे मला कळत होतं. पण एकाला बोलावून दुसऱ्याला टाळलं असतं तर सकाळी रांजणात मेलेला उंदीर सापडला असता. तेव्हा आपा थेओनासांना भिंतीकडे बसवलं, आपा पशोईंना दाराकडे, आणि मध्ये खारवलेल्या माशांची परात ठेवली.

भांडण नवं नव्हतं. ख्रिस्ताचं शरीर तुमच्या-आमच्यासारखं होतं का, एवढाच प्रश्न. थेओनास म्हणायचे, देव माणूस झाला तो पुरता झाला. भूक, घाम, ताप, सगळं आलं. त्याचं शरीर नासू शकत होतं. पशोई म्हणायचे, आईच्या पोटात आल्या क्षणापासून ते शरीर नासण्यापलीकडचं होतं. भूक लागली ती त्याने लागू दिली म्हणून. पशोईंची माणसं दुसऱ्यांना 'नासके' म्हणत. थेओनासांची माणसं उलट त्यांना 'भासवाले' म्हणत, कारण जे नासत नाही ते शरीर कसलं, तो नुसता भास. एवढ्यावरून गावात सोयरिकी मोडल्या होत्या आणि डोकी फुटली होती. आणि गावात चर्च एकच, त्याच्यावर हक्क दोघांचा.

"थेओनास, मासा घ्या," पशोई म्हणाले. ते जाडजूड, हसरे, दात पडलेले गृहस्थ. "तुम्हाला नासक्या वस्तू आवडतात."

"घेतो की. तुम्ही नका घेऊ. तुम्हाला भूक लागल्याचा नुसता भास होत असेल."

पंगत हसली. मग कुणीतरी बाक सरकवला, कुणीतरी कुणाच्या आईचा उद्धार केला, आणि आता परात उलटणार असं दिसू लागलं. तबेस दारात उभी होती. तिला आठवा संपून नववा लागला होता. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या देवाचं काय नासायचं ते नासू दे, इथे माझी कंबर नासलीय. भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा."

पामून पशोईंच्या बाजूचा. तो बायकोवर डोळे वटारू लागला. ते मला आवडलं नाही, आणि मी दोन पेले जास्त घेतले होते. मी म्हणालो, "एवढं रक्त कशाला आटवता? वेदीवरची भाकर म्हणजे त्याचं शरीर, हे दोघांनाही मान्य ना? मग ठेवा एक भाकर गडूत बंद करून. नासली तर थेओनास खरे. नाही नासली तर पशोई. सुंठीवाचून खोकला गेला."

मी थट्टा केली होती. हसलं मात्र कुणीच नाही. दोन्ही पाद्री एकमेकांकडे बघत राहिले.

"कुणाच्या घरी?" थेओनासांनी विचारलं.

"होरियनच्या," पशोई म्हणाले. "तो ना तुमचा ना आमचा. त्याला देवाचं काही पडलेलंच नाही."

आमच्याकडे पवित्र भाकर घरी ठेवण्यात नवल नाही. दुसऱ्या बाजूच्या पाद्र्याच्या हातून खायची नाही, म्हणून निम्मं गाव आपापल्या पाद्र्याने मोडलेले तुकडे डबीत घालून घरी नेतं आणि सकाळी एकेक कण जिभेवर ठेवतं. नवल होतं ते दुसरंच. त्या रविवारी दोघांनी मिळून एका भाकरीवर हात ठेवले. मधोमध क्रूसाचा ठसा असलेली, तळहाताएवढी गोल भाकर. एकाचा आशीर्वाद दुसऱ्याला मान्य नव्हता, म्हणून दोघांनी एकाच वेळी म्हटला. चर्चमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तेव्हा मला वाटलं, म्हातारे शेवटी शहाणे झाले.

भाकर गडूत गेली, वर झाकण बसवून तोंडाला राळ लावली, राळेवर दोघांनी आपापली मुद्रा उठवली. थंडीत पाण्याचा सण येतो, त्या दिवशी गावासमोर गडू फोडायचा, जिंकेल त्याचं चर्च. मी गडू तळघरात सगळ्यात आतल्या कोनाड्यात ठेवला. वर आलेली जास्तीची राळ छाटताना छाटणीचा कोयता बोटाला लागला. थोडं रक्त आलं. मी बोट चोखलं आणि कामाला लागलो. मला निकाल ठाऊक होता. माझ्या तळघरात काही नासायचं राहिलंय, असं कधी झालेलं नाही.

ताज्या रसाचं तळघर बोलतं. रांजणांत रस आंबत असतो, फसफसतो, बुडबुडे येतात आणि फुटतात. वरच्या खोलीत झोपलं तरी जमिनीखाली शंभर बायका कुजबुजतायत असं वाटतं. लहानपणापासून मी त्या आवाजात झोपत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि काहीतरी चुकलंय असं वाटलं. काय ते कळायला वेळ लागला. खाली गेलो, रांजणाला कान लावला. आवाज नव्हता.

गार हवेने रस थांबतो कधी कधी. पण बाहेर अंगाची काहिली होत होती. मी झाकण काढलं. वर फेस होता, बुडबुडे होते, मोठे, तांबूस, काठोकाठ. ते फुटत नव्हते. मी बराच वेळ उभा राहिलो, एकही फुटला नाही. एकावर बोट टेकलं. तो जरासा दबला, आणि बोट काढल्यावर पुन्हा होता तसा झाला.

रस चाखला. गोड. काल तुडवला तसा.

मी पामूनला काही बोललो नाही. जुन्या दारूतला गाळ आणून ओतला, रांजणांभोवती निखारे ठेवले, माझ्या वडिलांची सगळी औषधं करून पाहिली. शेजारच्या मळ्यात रस उतू चालला होता, मजूर शिव्या देत पुसत होते. माझ्याकडे बुडबुडे तसेच उभे होते.

मग ते जिन्याने वर आलं.

तबेसने मळलेली कणीक फुगेना. तिने खमीर बदललं, शेजारून मागून आणलं, शेवटी वैतागून बिनफुगल्या कडक भाकऱ्या थापल्या. दूध विरजेना. ओट्यावर विसरलेला मासा तीन दिवसांनी उचलला तर डोळे चकचकीत, कल्ले लाल, वास फक्त तलावाच्या पाण्याचा. माशी बसत नव्हती. पामून तो मासा हातात धरून अंगणात नाचला.

"मामा, कळतंय का तुम्हाला? घरात आशीर्वाद उतरलाय!"

"माझी दारू होत नाहीये, त्याचं काय?"

"दारू काय घेऊन बसलात? भाकर नासणार नाही. आपण जिंकलो!"

"आपण?" मी म्हटलं. पण तो मासा घेऊन गावभर दाखवायला गेला होता.

त्या दिवशी मी माझं बोट नीट पाहिलं. कोयत्याची जखम तशीच होती. खपली नव्हती, पू नव्हता, सूज नव्हती. कडा ओल्या आणि लाल, जणू आत्ताच कापलंय. दाबलं तर दुखायचं, जेवढं पहिल्या दिवशी दुखलं तेवढंच. मी तिच्यावर फडकं बांधलं, ते जखम बरी व्हावी म्हणून नव्हे, ती दिसू नये म्हणून.

आमच्या तळघराला लागून पेकूश कोळ्याचं घर. भिंत एकच. म्हातारा बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता, तो गेला. मुलगा अलेक्झांड्रियाला, त्याची वाट बघत मढं घरात ठेवलं. आमच्या उन्हात मढं संध्याकाळपर्यंत थांबत नाही. मी दुसऱ्या दिवशी दुपारी नाकाला फडकं लावून भेटायला गेलो. फडक्याची गरज नव्हती. म्हातारा आत्ताच डोळा लागल्यासारखा पडला होता. हात उचलला तर मऊ, सहज वाकणारा. त्याची सून म्हणाली, "काका, त्यांचे डोळे मिटत नाहीत." मी वाकून पाहिलं. मेलेल्याचे डोळे सुकतात, त्यांच्यावर साय धरते. पेकूशचे डोळे ओले होते.

मुलगा आला, तरी पुरलं नाही. आपा पशोईंनी पेकूशला चर्चमध्ये नेऊन वेदीसमोर ठेवलं. आजूबाजूच्या गावांतून लोक बघायला येऊ लागले. रस्त्यात पोरं थेओनासांच्या मागे ओरडत, "नासक्या, नासून दाखव!" थेओनास एके दिवशी माझ्याकडे आले. किती वाळले होते.

"होरियन, खरं सांग, त्या गडूत काय आहे?"

"तुम्हीच ठेवलंय, आपा."

"मी भाकर ठेवली होती." ते तळघराच्या दाराकडे बघत होते. "खाली येऊ?"

मी दिवा घेऊन पुढे झालो. ते दुसऱ्या पायरीवर थांबले, तिथेच उभे राहिले, आणि मग वर परतले. अंगणात आल्यावर म्हणाले, "इथे वेळ उभा आहे." तिथून पुढे मला खरी भीती वाटू लागली.

"मग फोडू गडू?" मी विचारलं.

"आधी फोडला तर मी हरलो असं होईल," ते म्हणाले, आणि काठी टेकत गेले.

नाईलचा पूर आला आणि ओसरू लागला. तलाव भरला, बदकं आली, शेजाऱ्यांची दारू गाळून रांजणांतून सुरयांत गेली. तबेसचा नववा संपला. दहावा लागला.

सुईण नोन्ना आली. तोंडाने तिखट, हाताने मऊ अशी ही बाई, तबेसलाही तिनेच या जगात आणलं होतं. ती पोटाचा घेर सुतळीने मापते आणि दर खेपेला गाठ मारते. तिने सुतळी लावली, जुनी गाठ बोटात धरली, पुन्हा लावली.

"काय रे," ती म्हणाली, "पोरीला खायला घालता की नाही?"

"मला भूकच नाही," तबेस म्हणाली. "किती दिवस झाले."

नोन्नाने पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटले. "हललं. चांगलं आहे. लाथ मारली." हात तसाच. "परत मारली." थोड्या वेळाने तिचा चेहरा बदलला. तिने माझा हात ओढून तिथे ठेवला. मुलीच्या पोटावर बापाने हात ठेवायची रीत नाही, पण नोन्नाने तो दाबून धरला.

एक लाथ, बरगडीखाली, डावीकडे. मग वळल्याची हालचाल. मग थांबणं. मग लाथ, बरगडीखाली, डावीकडे. मग वळणं, थांबणं. मग लाथ.

तीच. तीच तीच.

"सगळ्या पोरांच्या लाथा सारख्याच असतात," मी म्हटलं.

"नसतात," नोन्ना म्हणाली. तिने सुतळी गुंडाळली, पिशवी उचलली, दारापर्यंत गेली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "होरियन, मी पोरं मेलेली पण काढलीत. मला कशाची भीती वाटत नाही. पण या घरात मला परत बोलवू नकोस, काही सुरू झाल्याशिवाय."

तबेस पलंगावर बसून होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आबा," ती म्हणाली, "ते जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग ते येत का नाही?"

मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि अंगणात येऊन रडलो. आयुष्यभर मी चर्चमध्ये मागच्या खांबाला टेकून डुलक्या काढल्या. त्या दिवशी मी अंगणात, धुळीत गुडघे टेकले आणि देवाकडे मागणं मागितलं. बाबा, नास. तुझ्या पाया पडतो, नास. तू नासलास तरच माझी पोर सुटेल. असं मागणं कुणी त्याच्याकडे मागितलं असेल असं मला वाटत नाही. दोन्ही पाद्र्यांनी ऐकलं असतं तर दोघांनी मिळून मला पुरलं असतं.

रात्री मी गडू फोडायचं म्हटलं, तेव्हा पामून तळघराच्या दाराला पाठ लावून बसला. वाईट पोरगा नव्हता तो. बायकोवर जीव होता त्याचा. पण त्याचे डोळे चमकत होते.

"मामा, हात लावायचा नाही. पाण्याच्या सणाला फक्त थोडे दिवस राहिलेत."

"तुझं पोर आत अडकलंय, मेल्या!"

"अडकलं नाही. राखलंय. त्याला काही होणार नाही, कधीच काही होणार नाही. यात वाईट काय?"

तो रोज तिथेच झोपू लागला.

त्याआधी आमच्या गावच्या हुतात्म्याचा सण आला. पशोईंनी पेकूशला पालखीत घालून वेदीभोवती फिरवायचं ठरवलं होतं, आणि पालखीचा पुढचा दांडा पामूनच्या खांद्यावर होता. भर दुपारी सगळं गाव चर्चमध्ये. घरापर्यंत गाण्याचा आवाज येत होता. मी छिन्नी घेतली आणि खाली उतरलो.

दिवा लागत नव्हता असं नाही, लागला. पण ज्योत हलत नव्हती. मी चालत होतो, हाताला हिसका बसत होता, ज्योत सरळ.

रांजणांवर बुडबुडे उभे होते.

कोनाड्यातला गडू उचलला. हाताला गरम लागला. मी तो खाली ठेवला, हात पुसले, पुन्हा उचलला. दोन मुद्रा राळेवर होत्या, राळ अजून मऊ होती, अंगठ्याचा ठसा उमटत होता. छिन्नी लागलीच नाही. झाकण तसंच निघालं.

वाफ आली.

भट्टीतून आत्ता काढलेल्या भाकरीचा वास. त्या घरात कितीतरी दिवसांत फुगलेल्या भाकरीचा वास आला नव्हता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याच वेळी अंगावर काटा आला. आत भाकर होती, गोल, तांबूस, क्रूसाचा ठसा ठळक. नासलेली नव्हती. शिळीसुद्धा झाली नव्हती.

मी विचार करत होतो ती तलावात फेकण्याचा. मासे खातील. की जाळावी? आग तिला लागेल का? हातातली ज्योत हलत नव्हती.

"आबा."

तबेस जिन्यावर होती. भिंतीला धरून, एकेक पायरी उतरत. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं जे मी विसरलो होतो. तिला भूक लागली होती.

"काय वास येतोय," ती म्हणाली. "द्या ना मला."

मी दारूवाला माणूस. मला एवढंच ठाऊक आहे की कुठलीही वस्तू ठेवली की ठेवलेलीच राहते, आणि खाल्ली की संपते. भाकर खाण्यासाठी असते. या दोघांनी ती ठेवायला लावली, तिथेच चुकलं. माणसाच्या पोटात गेलेलं काहीही जसंच्या तसं राहिलेलं मी पाहिलं नाही. हे मी तेव्हा मनाशी म्हटलं, अगदी शब्दांत, आणि मला ते पटलं.

मी भाकर मोडली. तिने माझ्या हातून घेतली, उभ्याउभ्याच खाल्ली. चावण्याचा आवाज येत होता. एक कणही तिने सांडू दिला नाही.

मग तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"आबा, पाणी गेलं."

माझ्या मागे पहिला बुडबुडा फुटला. मग दुसरा. मग सगळे रांजण एकदम उसळले, झाकणं उडाली, लाल फेस पायांवर आला. हातातली ज्योत एवढी फडफडली की विझली. आणि दूर चर्चमधलं गाणं एका ओळीच्या मध्येच तुटलं. नंतर किंकाळ्या आल्या. पेकूश इतके दिवस जे झाला नव्हता, ते सगळं पालखीत एकदम झाला, असं लोक सांगतात. पामून पालखीच्या पुढे होता.

नोन्ना शिव्या देत धावत आली. बाळंतपण सोपं झालं. मुलगा. पहिलं रडणं ऐकलं तेव्हा मी अंगणात फेसाने माखलेला बसलो होतो आणि वेड्यासारखा हसत होतो.

दोन्ही पाद्री एकत्रच आले, अंगाला वास मारत होता. त्यांनी उघडा गडू पाहिला.

"नासली होती ना?" थेओनासांनी विचारलं.

"गडू रिकामा होता," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

"रिकामा!" पशोई म्हणाले. "म्हणजे वर गेली." आणि दोघे तिथेच, माझ्या अंगणात, पुन्हा जुंपले. तो आवाज मला इतका गोड कधी लागला नव्हता.

ते दिवस मी मजेत घालवले. कणीक फुगत होती. मासा दुपारपर्यंत घाण मारत होता. दारू आंबट झाली, फेकून द्यायच्या लायकीची, आणि मी ती आनंदाने पीत होतो. बोटावर जाड, काळी खपली धरली होती, खाजत होती. तबेस वाघासारखी जेवायची. "आणि बाळ किती गुणाचं आहे, आबा," ती म्हणायची. "रडत नाही, त्रास नाही. दूधसुद्धा मी आठवण केली तर घेतं." नोन्नाने दृष्ट लागू नये म्हणून पाळण्याला कांदा बांधला, तबेसला हळूहळू हिंडायला सांगितलं आणि दुसऱ्या गावच्या बाळंतपणाला गेली. जाताना म्हणाली, "नाळेला हात लावू नका. चार-पाच दिवसांत सुकून आपली आपण पडेल. पडली की उंबऱ्याखाली पुरा."

सातव्या दिवशी नाव ठेवलं. आमच्याकडे दिवे लावतात. प्रत्येक दिव्याला एकेक नाव द्यायचं, सगळ्यांत सारखं तेल घालायचं, जो दिवा सगळ्यांत शेवटी विझेल त्याचं नाव बाळाला. म्हणजे आयुष्य लांब होतं. पामूनने एका दिव्याला पशोईंच्या गुरूंचं नाव दिलं, मी मुद्दाम एकाला थेओनासांच्या, तबेसने तिच्या आजोबांचं, सेरापियन. एकेक दिवा विझत गेला. शेवटी सेरापियन राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, खजूर खाल्ले, आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला मी त्या खोलीत गेलो. तबेस झोपली होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि भर उन्हात, पाळण्याच्या डोक्याशी, तो दिवा जळत होता.

मी जवळ जाऊन पाहिलं. तेल काठोकाठ होतं.

ज्योत हलत नव्हती.

बाळ जागं होतं. माझ्याकडे बघत होतं. त्याने पाय झाडला, डावा, मग जरासं वळलं, मग थांबलं. मग पाय झाडला, डावा.

मी त्याचं फडकं सोडू लागलो. गाठ सुटेना. ओढाताणीत माझ्या बोटाची खपली निघून फडक्यावर पडली. खाली नवी, गुलाबी कातडी आली होती.

फडकं उघडलं. नाळ पडलेली नव्हती. सुकलेलीही नव्हती. ती ओली होती, निळसर, चमकत होती, आणि नोन्नाने कापली होती तिथे, टोकाला, रक्ताचा एक ताजा थेंब उभा होता.